तालमीच्या दारातला म्हाळू

त्या रविवारी सकाळी आम्ही बापलेक म्हाळूकडेच निघालो होतो. स्कूटरवर मागे सायली, तिच्या मांडीवर तीन कॉलेजांच्या माहितीपुस्तिका, आणि त्यांत घडी घालून ठेवलेला, मी केलेला तुलनेचा तक्ता. हर्सूलच्या अलीकडे सिग्नलला थांबलो तेव्हा फोन वाजला. शोभावहिनी होत्या, म्हाळूच्या पत्नी. "भाऊजी, निघालात का?" मी म्हटलं, "हो वहिनी, पोचतोच. चहा टाका." पलीकडून त्या म्हणाल्या, "सावकाश या. आता घाई नाही." मला वाटलं, म्हाळू कुठे बाहेर गेला असेल. सायलीला तसं सांगितलंही. सिग्नल सुटला, आणि वहिनींनी सांगितलं होतं म्हणून मी खरोखरच गाडी सावकाश चालवली.

त्यांच्या फाटकाबाहेर चपला दिसल्या तेव्हा कळलं. झाडांना पाणी घालता घालता म्हाळू पायरीवर बसला होता, तो उठलाच नाही. पाइप कुणीतरी बंद केला होता, पण अंगण अजून ओलं होतं. सायली पुस्तिका छातीशी धरून फाटकातच उभी राहिली. आत जायला तिचं पाऊल उचलेना, कारण त्या सकाळी तिला म्हाळूच्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं आणि त्यावर तिचा पुढचा रस्ता ठरायचा होता. प्रश्न विचारणारा माणूस चादरीखाली होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यांत त्याला 'अभिनेते' म्हटलं होतं. माझं आयुष्य वाळूजच्या एका कारखान्यात कॉस्टिंगच्या टेबलावर गेलं. चुकीची नोंद दिसली की ती तशीच सोडून पुढे जाणं मला जमत नाही. हा लेख लिहायला बसण्याचं एक कारण तेही आहे. म्हाळू अभिनेता नव्हता. अभिनेता व्हायला तो या शहरात आला होता हे खरं, पण तो अभिनेता नव्हता हे त्याच्याइतकं स्पष्टपणे नंतर कुणी सांगितलं नसेल.

त्याचं पूर्ण नाव म्हाळसाकांत. वैजापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. या शहराला सगळे औरंगाबाद म्हणत त्या काळात आम्ही मुकुंदवाडी स्टेशनजवळ एका खोलीत राहायचो. मी कॉमर्सला, तो नाट्यशास्त्राला. त्याचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. फलाटावरून त्यानं "ए मुनीम, डाळ उतू चालली का बघ" अशी हाक मारली की ती मला खोलीत ऐकू यायचीच, शिवाय शेजारचे दोन स्वयंपाकी आपापल्या स्टोव्हकडे धावायचे. नाट्यशास्त्राच्या प्रवेशाच्या मुलाखतीत त्याला विचारलं होतं, "तुला काय येतं?" बाकीची मुलं पाठ केलेली स्वगतं म्हणत होती. हा म्हणाला, "मेंढरं बोलवता येत्यात." बोलव म्हटल्यावर त्यानं हाळी दिली. शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. परीक्षकांना हसू आवरेना, पण प्रवेश मिळाला, तोही अभिनयाला. एवढा आवाज असलेल्या मुलाला दुसरं काही द्यावं हे कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्याच्याही आलं नाही.

पुढे काय झालं ते मी प्रेक्षकांत बसून पाहिलं आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्यांचं नाटक होतं आणि म्हाळू गावचा पाटील होता. भरल्या बैठकीत पाटील निवाडा सांगतोय आणि त्याच वेळी सून पाण्याचा तांब्या घेऊन येते, असा प्रसंग. सून येईना. बोहल्यावर चढल्यासारखी नटून उभी असलेली ती मुलगी विंगेत एका खिळ्याला पदर अडकून खोळंबली होती. दुसरा कुणी असता तर त्यानं दोन वाक्यं पदरची घालून वेळ मारून नेली असती. म्हाळू वाक्याच्या मध्येच थांबला. समोरच्या पंचांना "थांबा जरा" म्हणाला, विंगेत गेला, पदर सोडवला, मुलीला मनगटाला धरून रंगमंचावर आणून उभं केलं आणि राहिलेलं अर्धं वाक्य जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. सभागृह इतकं हसलं की नाटक पुन्हा उभं राहिलंच नाही. रंगपटात त्याचे सर डोकं धरून बसले होते. "अरे, तू पाटील होतास ना?" म्हाळू म्हणाला, "व्हय सर. पण ती मागं राहिली व्हती." सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला अभिनयातून काढून दिग्दर्शनाला घातलं.

ही बढती आहे असं आज वाटेल. तेव्हा त्याला ती शिक्षा वाटली. खोलीत येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडला. "एवढा आवाज दिलाय देवानं, आन् मला म्हणत्यात खाली उभा ऱ्हाय." जेवायला उठवलं तरी उठेना. त्या दिवाळीच्या सुट्टीत तो मला आपल्या वस्तीवर घेऊन गेला. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात शिरत होती. जाळीच्या त्या कुंपणाला एकच तोंड, आणि त्या तोंडाशी त्याचे वडील उभे. काठीवर भार, एका पायावर दुसऱ्या पायाची आढी. प्रत्येक मेंढरू त्यांच्या गुडघ्याला घासून आत जात होतं. मी सवयीनं मोजत होतो. शेवटचं आत गेलं तेव्हा मी म्हटलं, "काका, एक कमी भरतंय का?" ते म्हणाले, "व्हय. भुरी नाय." म्हाळू आल्या वाटेनं मागे गेला आणि बाभळीच्या कुपाटीत लोकर अडकलेली भुरी सोडवून घेऊन आला. माझा आकडा बरोबर होता, हे मी मुद्दाम नोंदवतो. पण कोण राहिलं ते मला सांगता आलं नसतं. मी म्हाताऱ्यांना विचारलं, तुम्ही मोजलं नाहीत, मग कळलं कसं? ते म्हणाले, "मोकळी जागा दिसती की." एवढंच. म्हाळू तिथेच उभा होता. परत येताना एसटीत तो मला म्हणाला, "मुनीम, माझी दोन वर्सं आवाजानं खाल्ली रं."

त्यानंतर तो रंगमंचावर कधी चढला नाही. इथल्याच एका कॉलेजात तो नाट्यशास्त्र शिकवायला लागला आणि शेवटपर्यंत शिकवत राहिला. तालमीत त्याला खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नाही. हॉलच्या दारात, चौकटीला उजवा खांदा टेकून, एका पायावर दुसऱ्या पायाची आढी घालून तो उभा असायचा. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याच्या अंगाला घासूनच जायचा. "सर, आत बसा की," कुणी म्हटलं तर म्हणायचा, "बसल्यावर मला फकस्त पुढचं दिसतं."

आणि दरवर्षी बारावीचे निकाल लागले की त्याच्याकडे आईबाप यायला लागायचे. मुलगा नाटकच शिकायचं म्हणतोय, आता याला कुठे घालायचं? पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण जागा एकच होती. आता तीन तऱ्हा झाल्या आहेत. एक, कला शाखेची पदवी, जिच्यात इतिहास, मराठी, मानसशास्त्र अशा विषयांसोबत नाटक हा एक विषय. दुसरी, नाट्यकलेची स्वतंत्र पदवी, जिच्यात सगळं थोडं थोडं करायचं आणि पुढे जाऊन अभिनय, दिग्दर्शन किंवा नेपथ्य-प्रकाश यांतलं एक निवडायचं. तिसरी, पहिल्या दिवसापासून फक्त अभिनय, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आवाज आणि शरीर, आणि प्रवेश चाचणी देऊन. म्हाळू हे आईबापांना असं सांगायचा : "पहिल्यात नाटक वाचायला शिकिवत्यात. दुसऱ्यात नाटक करायला शिकिवत्यात. तिसऱ्यात तुमच्या पोराचंच नाटकाचं सामान करत्यात." मग आईबाप विचारायचे, सर, यांतलं चांगलं कोणतं? तो म्हणायचा, "कुणाला?"

आमच्या घरात हा प्रश्न या वर्षी आला. सायलीला तिसरं हवं होतं, पुण्याला. माझी पत्नी मंगल म्हणत होती, "शिकू दे, पण हातात काहीतरी राहील असं शिकू दे." माझंही मत पहिल्या पदवीला होतं, आणि ते मत नुसतं भीतीतून आलेलं नव्हतं. मी तिन्ही ठिकाणी चौकशी केली, शिकवण्याचे तास, शिक्षक, वसतिगृह, पुढच्या वाटा, सगळं घेऊन रकाने आखले आणि म्हाळूपुढे तक्ता ठेवला. त्यानं तो चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. खाली कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "लई भारी केलंस. ह्याच्यात पोरगी कुठंय?"

त्याची पद्धत मला माहीत होती. कुठलाही सल्ला देण्याआधी तो मुलाला आठवडाभर तालमीला बोलवायचा. काम काही द्यायचा नाही. कोपऱ्यात बस आणि बघ. शेवटच्या दिवशी एकच प्रश्न विचारायचा : "काय कमी व्हतं?" या एका प्रश्नावर तो मुलांना वाटेला लावायचा. कुणी म्हणायचं, उजव्या कोपऱ्यात अंधार होता. त्याला तो प्रकाशयोजनेकडे पाठवायचा. कुणी म्हणायचं, तो मुलगा घर का सोडतो ते नाटकात कुठे आलंच नाही. त्याला म्हणायचा, तू बीए कर, वाच, लिही. कुणी म्हणायचं, मागच्या दोघांना काही कामच नव्हतं, ते नुसते उभे होते. अशा मुलाकडे तो जरा जास्त वेळ बघायचा आणि मग दिग्दर्शनाचं नाव काढायचा. मी एकदा विचारलं होतं, "आणि अभिनयाला कुणाला पाठवतोस?" तो हसला. "ज्याला वाटतं की तिथं फकस्त आपण कमी व्हतो, त्याला. पण हे उत्तर छाती फुगवून सांगितलं, तर मी म्हणतो घरी जा. लाजून सांगितलं, सांगता सांगता मान खाली गेली, तर समजायचं ह्याला दुसरीकडं घालून उपेग नाय. मी तसा कधी लाजलो नव्हतो, मुनीम. माझा नुसता आवाज मोठा व्हता." हे सायलीला माहीत नव्हतं. मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर परीक्षेचा पेपर फोडल्यासारखं झालं असतं.

तर सायलीनं तो आठवडा काढला. रोज संध्याकाळी तिला आणायला मी जायचो तेव्हा म्हाळू दारात असायचा. "आली का वरात, पोरीला न्यायला," म्हणायचा आणि मला वाट द्यायला खांदा किंचित वळवायचा. घरी आल्यावर सायली जेवताना बोलायची नाही. मंगल विचारायची, "काय गं, सरांनी काही शिकवलं का?" तर म्हणायची, "नाही. नुसतं बसवतात." शनिवारी त्यानं तिला तो प्रश्न विचारला, माझ्यादेखत. ती गडबडली. "सर, उद्या सांगू? नीट विचार करून सांगते." म्हाळूनं माझ्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले. "विचार करून का? बरं. ये उद्या घरी. बापालाबी आण, त्येचा कागद घेऊन." हे त्याचं माझ्यादेखतचं शेवटचं बोलणं. फारसं थोर काही नाही. तो कधीच थोर बोलायचा नाही.

मग तो रविवार आला...

नंतरचे दिवस कसे गेले हे सांगण्यासारखं नाही. हर्सूलला त्यांच्या घरी जाऊन बसायचो, वहिनी चहा द्यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोरांना सांगा, तालीम बंद ठेवू नका. ह्यांना आवडणार नाही." इकडे अर्जांची मुदत संपत आली होती. घरात तीन पुस्तिका टीव्हीच्या कपाटावर तशाच पडल्या होत्या, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. एका संध्याकाळी मी सायलीला म्हटलं, "तू ठरव. तू म्हणशील तिथे भरू." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणता ते बीएच भरून टाका ना. काय फरक पडतो." मला जे हवं होतं तेच ती म्हणत होती. तरी अर्ज भरायला माझा हात पुढे झाला नाही. ती पहिली पदवी निवडत नव्हती, ती फक्त प्रश्नातून सुटत होती. आणि ज्यानं प्रश्न घातला होता तो आता तिला सोडवून घेणार नव्हता.

दहावा झाल्यावर मुलांनी तालीम पुन्हा सुरू केली. पहिल्या दिवशी दुपारी मी सुटी घेतली आणि सायलीला घेऊन गेलो. आम्ही दोघं मागच्या सतरंजीवर बसलो. नाटक तेच, मुलं तीच. मला नाटकातलं कळत नाही, पण मुलं वाक्यं विसरत होती आणि विसरली की सगळी एकाच वेळी दाराकडे बघत होती, एवढं मलाही कळत होतं. एक प्रसंग होता, एक मुलगी परगावाहून घरी येते आणि दाराशीच थांबते, आत पाऊल टाकत नाही. तिची भूमिका करणारी मुलगी चांगलीच करत होती. माझं लक्ष सहज सायलीकडे गेलं. तिच्या पायाची बोटं सतरंजीत रुतली होती, जणू पुढचं पाऊल टाकायचं होतं आणि ते ती महत्प्रयासानं धरून ठेवत होती.

तालीम थांबली. मुलं पाणी प्यायला बाहेर गेली. मी विचारलं. मला तो प्रश्न त्याच्यासारखा विचारता येत नाही, आवाजही नाही. मी म्हटलं, "सायली, काय कमी होतं?"

तिनं वर पाहिलं नाही. "तेव्हा की आज?"

"तेव्हा."

ती सतरंजीचा दोरा ओढत राहिली. "त्या शनिवारी रात्रभर मी काहीतरी हुशारीचं शोधत होते, बाबा. प्रकाशाचं वगैरे. काहीतरी सापडलंही होतं. पण ते खोटं होतं. नाटकात काहीच कमी नव्हतं. ती तिथं उभी राहते ना, दाराशी... मला नुसतं तिथं जाऊन उभं राहायचं होतं. पहिल्या दिवसापासून." मग तिची मान आणखी खाली गेली. "सरांना हे कसं सांगायचं? त्यांना वाटलं असतं, किती शहाणी समजते स्वतःला."

ज्याला ऐकायचं होतं त्यानं हे उत्तर ऐकलं नाही, आणि ज्यानं ऐकलं त्याला या उत्तराचा अर्थ केवळ योगायोगानं माहीत होता. म्हाळू काय म्हणायचा ते मी तिला तेव्हा, त्या सतरंजीवर बसून सांगितलं. छाती फुगवणारे आणि मान खाली घालणारे. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा वाकडातिकडा होत होता. मग त्या रविवारपासून पहिल्यांदाच ती मोकळेपणी रडली. बाहेरून मुलं परत येत होती, त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं. नाटकाची मुलं या बाबतीत समजूतदार असतात.

आम्ही पुण्याचा अर्ज भरला. चाचणी पुढच्या महिन्यात आहे. ती पास होईल की नाही हे मला माहीत नाही आणि तसा दावाही मी करणार नाही. माझा तक्ता मी फाडलेला नाही. त्यातले सगळे आकडे आजही बरोबर आहेत आणि त्या आकड्यांनुसार ही पदवी तिन्हींत शेवटचीच ठरते. मंगलची काळजी संपलेली नाही, माझीही नाही. पण नापास झाली तरी ती आपल्या वाटेवर नापास होईल. म्हाळूला स्वतःची वाट सापडायला दोन वर्षं आणि एक फसलेलं नाटक लागलं होतं. त्यानं ती दोन वर्षं माझ्या मुलीची वाचवली, आणि तेही तिथे हजर नसताना.

सायली अजून रोज तालमीला जाते. चाचणीची तयारी ती मुलंच तिच्याकडून करून घेत आहेत. मी संध्याकाळी तिला आणायला जातो. हॉलच्या दाराची उजवी चौकट एका विशिष्ट उंचीवर गुळगुळीत झाली आहे, तिथला निळा रंग उडून आतलं लाकूड दिसतं. म्हाळू माझ्यापेक्षा उंच होता, त्यामुळे ती जागा माझ्या कानाच्या पातळीला येते. परवा मी पलीकडच्या बाकावर बसून तालीम सुटायची वाट बघत होतो. आत कुणी काहीतरी विसरलं म्हणून मुलं धावत आतबाहेर करत होती. एक गेला, दोघी आल्या, मग सायली बाहेर येऊन परत आत गेली. दार तसं रुंद आहे, दोघं एका वेळी आरामात जातील. पण त्यातला प्रत्येक जण आत जाताना उजवीकडून जरा अंग चोरून, डाव्या बाजूनं जात होता.

मग तालीम सुटली आणि मी सायलीची बॅग घ्यायला उठलो. दारातून आत शिरताना लक्षात आलं, मीही खांदा वळवला होता.